दशावताराची एक रात्र, वेगवेगळे कॅमेरे आणि एक टाइमलाइन

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याला लिहिलेली संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं आणि कोणी कोणती भूमिका घ्यायची एवढं मंडळी आपसात ठरवतात, आणि पुढचे संवाद रंगमंचावरच सुचतात. समोरचा नट काय बोलतो, पखवाजवाला कुठे थाप देतो, प्रेक्षक कशाला हसतात यावर ते वळत जातात. आज कुडाळ तालुक्यातल्या एका जत्रेत झालेला विष्णू-नारदाचा संवाद उद्या पलीकडच्या गावात तसाच्या तसा होणार नाही. त्यामुळे अशा प्रयोगाचं चित्रीकरण म्हणजे जे मिळालं ते मिळालं. ‘जरा परत एकदा करा’ असं तिथे कुणाला म्हणता येत नाही. कुणीतरी फोनवर सहज घेतलेली चार मिनिटंसुद्धा मग टाकून द्यायची नसतात.

मी पुण्यात एडिटिंग करतो, मूळ गाव सिंधुदुर्गातलं. आमच्या देवळाच्या जत्रेतला दशावतार नीट जपून ठेवावा असं गावातल्या काही जणांच्या आणि माझ्याही मनात होतं. भाड्याने एकसारखे कॅमेरे आणायला पैसे नव्हते, म्हणून ज्याच्याकडे जे होतं ते आलं. माझा मिररलेस कॅमेरा रंगमंचासमोर. मित्राचा जुना डीएसएलआर गर्दीच्या मागे, पूर्ण रंगमंच दिसेल असा स्टँडवर. तालुक्याच्या गावी लग्नाची शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याचा हँडीकॅम डाव्या बाजूला. एका कॉलेजातल्या मुलाचा छोटा ॲक्शन कॅमेरा पेटी, पखवाज आणि झांजेच्या बाजूला खांबाला बांधलेला. शिवाय प्रेक्षकांतून नंतर गोळा केलेली फोनची फुटेजं. आवाजासाठी माझा रेकॉर्डर होता. त्याच्या एका चॅनेलवर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर आणि दुसऱ्यावर मोकळा माइक.

हे सगळं एका प्रोजेक्टमध्ये आणताना काय काय करावं लागलं ते इथे लिहितो आहे. बऱ्याच जणांकडे शाळेचं गॅदरिंग, भजनाची बारी, गावचा सप्ताह असं घरचं फुटेज पडून असतं आणि ‘वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं आहे, जुळणार नाही’ म्हणून ते हार्ड डिस्कवर तसंच राहतं. ते जुळतं. मात्र त्याला क्रम लागतो.

पहिलं काम कॉपी करण्याचं, आणि त्यात घाई नको. प्रत्येक कॅमेऱ्याचं एक फोल्डर, त्यात कार्ड जसंच्या तसं. हँडीकॅमच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. तो एव्हीसीएचडी प्रकारात रेकॉर्ड करतो आणि लांब क्लिप आपोआप अनेक एमटीएस फायलींत तोडून ठेवतो. आतल्या एका फोल्डरमधून फक्त त्या फायली उचलल्या तर सॉफ्टवेअरला त्या एकाच क्लिपचे तुकडे आहेत हे कळत नाही, आणि जोडावर काही फ्रेम किंवा आवाजाचा कण गायब होऊ शकतो. कार्डावरची सगळी फोल्डर-रचना तशीच घेतली की क्लिप अखंड उघडते. ॲक्शन कॅमेऱ्याची अडचण वेगळी. त्याच्या फाइलच्या नावात आधी तुकड्याचा क्रमांक येतो आणि शेवटी क्लिपचा. नावाने क्रम लावला की सगळ्या क्लिपांचे पहिले तुकडे एकत्र, मग सगळ्यांचे दुसरे तुकडे एकत्र, अशी सरमिसळ होते. शेवटचे चार अंक बघून मी प्रत्येक क्लिपचं वेगळं फोल्डर केलं. फायलींची नावं बदलली नाहीत.

फोनवाल्यांकडून फुटेज घेताना एकच आग्रह धरला, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, आणि रात्रीच्या अंधारातलं फुटेज एकदा दाबलं गेलं की सावल्यांच्या जागी चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. ज्यांच्याकडे जाता आलं त्यांच्याकडे केबल घेऊन गेलो. मुंबईला परत गेलेल्यांना फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवायला सांगितली.

मग प्रत्येक फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडून बघितली. हे फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे आणि माझ्या मते एडिटिंग सुरू करण्याआधी ते उघडलंच पाहिजे. चित्र असं निघालं. मिररलेस ४के, सेकंदाला २५ फ्रेम, १० बिट, म्हणजे रंगांच्या छटा जास्त बारकाईने नोंदवणारा. डीएसएलआर १०८०, २५ फ्रेम, ८ बिट. हँडीकॅम १०८०, पण इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. ॲक्शन कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमवर. फोन ३० च्या आसपास, आणि त्यांच्यापुढे ‘व्हेरिएबल’ असा शेरा. काही आडवे, काही उभे, आणि दोन-तीन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या प्रकारात.

टाइमलाइन १९२० बाय १०८०, २५ फ्रेम अशी ठरवली. डाव्हिन्ची रिझॉल्व या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर क्लिप आल्या की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही, म्हणून हा निर्णय आधीच पक्का हवा. २५ घ्यायचं कारण आपल्याकडच्या विजेत आहे. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं तेव्हा आपण टीव्हीची पाल पद्धत घेतली, तीही सेकंदाला २५ फ्रेमची. १/५० शटर ठेवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमने सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेतला, तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची बरोबर दोन पूर्ण आवर्तनं मावतात आणि सगळ्या फ्रेम सारख्याच उजळ येतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या सवयीने लावलेला कॅमेरा १/६० किंवा १/१२० वर जातो, आवर्तन अर्धवट कापलं जातं आणि चित्रावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. रिझोल्यूशन १०८० ठेवलं कारण दोन महत्त्वाचे कॅमेरे तेवढेच होते. त्याचा आणखी एक फायदा झाला. ४के मध्ये उभा घेतलेला फोनचा व्हिडिओ २१६० पिक्सेल रुंद असतो. त्यातून १९२० बाय १०८० चा आडवा तुकडा काहीही न ताणता कापता येतो. उभं फुटेज म्हणजे दोन्ही बाजूंना धूसर पट्ट्या लावायच्या, असा जो समज आहे तो ४के फोनच्या बाबतीत खरा नाही. उभ्या चित्रात नटाचा चेहरा आणि छाती बहुतेक वेळा बरोबर मधेच असते, त्यामुळे क्लोजअप म्हणून तो तुकडा छान बसतो.

त्यानंतर रूपांतर. फोनचं व्हेरिएबल फुटेज तसंच टाइमलाइनवर टाकलं तर सुरुवातीला ओठ जुळतात आणि दहा मिनिटांनी सुटतात, कारण अंधार वाढला की फोन आपणहून सेकंदाला कमी फ्रेम घेतो आणि उजेड आला की पुन्हा वाढवतो. त्या सगळ्या फायली आधी एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटच्या करून घेतल्या. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरनेही हे होतं, कमांड लिहायची सवय नसलेल्यांनी ते वापरावं. हँडीकॅमचं फुटेज अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणाऱ्या याडिफ फिल्टरमधून काढलं. इंटरलेस्ड चित्रात एकेक फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणून बनलेली असते. नट शांत उभा असला तर काही कळत नाही, पण तलवार फिरली की तिच्या पात्याला फणीसारखे दात फुटतात. दशावतारात युद्धाचे प्रसंग भरपूर. फिल्टरनंतर मला सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम मिळाल्या, आणि ५० मधून २५ घेणं सरळ आहे, एकाआड एक सोडायची.

३० मधून २५ घेणं तसं सरळ नाही. दर सहा फ्रेमांमधली एक गळते. माणूस बसलेला असेल तर डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की ठराविक अंतराने हिसका बसतो. सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम कल्पनेने बनवायला सांगता येतं, ऑप्टिकल फ्लो म्हणतात त्याला. पण मुकुटाच्या झिरमिळ्या, बाजूबंदांचं जरीकाम आणि मागची हलणारी गर्दी यांत ते गोंधळतं आणि कडा वितळल्यासारख्या होतात. मी ते वापरलं नाही. फोनचे स्थिर शॉट तेवढे घेतले आणि फिरते शॉट जिथे दुसरा काहीच पर्याय नव्हता तिथे हिसक्यासकट ठेवले. खोटी फ्रेम घालण्यापेक्षा खरा हिसका बरा, असं माझं ठाम मत आहे, निदान अशा जपणुकीच्या कामात तरी.

ॲक्शन कॅमेऱ्याचे पट्टे मात्र सोडवण्यासारखे होते. प्रकाश सेकंदाला १०० वेळा हलतो आणि कॅमेरा ६० फ्रेम घेतो. हिशोब मांडला तर दर तीन फ्रेमांनी पट्ट्याची जागा पुन्हा तीच येते. म्हणजे लागोपाठच्या तीन फ्रेमांची सरासरी घेतली की पट्टे एकमेकांना खोडून काढतात. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी टीमिक्स नावाचा फिल्टर आहे. पट्टे खरोखर गेले. त्याची किंमत म्हणजे हलणारी गोष्ट पुसट होते. पखवाजवाल्याची बोटं धुरासारखी दिसायला लागली. म्हणून दोन प्रती ठेवल्या. तो नुसता रंगमंचाकडे बघत बसला आहे तिथे सरासरी केलेली प्रत, आणि तो वाजवतो आहे तिथे मूळ, पट्ट्यांसकट. त्या माणसाची बोटं पुसट करण्याचा हक्क मला नाही.

आता जुळवणी. प्रयोगाच्या आधी चारही कॅमेरेवाल्यांना माझ्या फोनवरचं सेकंद दाखवणारं घड्याळ शूट करायला लावलं होतं. कॅमेऱ्यांची आतली घड्याळं कधीच एकमेकांशी जुळत नसतात, एखाद्याची तारीखसुद्धा भलत्याच वर्षाची असते. या युक्तीमुळे प्रत्येक कॅमेरा किती मागे-पुढे आहे ते ढोबळमानाने कळलं. बाकीचं काम सॉफ्टवेअरने आवाजाच्या लहरी ताडून केलं. सगळ्या क्लिपा निवडून मल्टिकॅम क्लिप, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचे कोन एकत्र बांधलेली क्लिप, बनवायची आणि जुळवणीसाठी ‘साउंड’ निवडायचं. गाणं आणि संवाद असलेल्या क्लिपा झटकन बसल्या. फोनच्या ज्या क्लिपांत नुसता गर्दीचा कलकलाट आणि खेळण्यांच्या दुकानांतल्या पिपाण्या होत्या, त्या अडल्या. त्या हाताने बसवाव्या लागल्या.

हाताने बसवायला झांजेसारखी दुसरी गोष्ट नाही. चित्रात दोन तबकड्या एकमेकींना भिडतात ती एक फ्रेम शोधायची, आणि आवाजात जिथे लहर एकदम उभी राहते तो बिंदू शोधायचा. पखवाजाच्या थापेला थोडी गोलाई असते, माणसाच्या ओठांवर तर भरवसा ठेवताच येत नाही, रंगवलेल्या दाट मिशा असल्या की आणखीच. झांज मात्र एका फ्रेमचीही शंका ठेवत नाही.

झांजेमुळेच एक गोष्ट उघडी पडली. लहरी अगदी तंतोतंत जुळलेल्या असूनही डीएसएलआरच्या चित्रात झांजा आधी भिडत होत्या आणि आवाज मागून येत होता. कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या ४० मिलिसेकंदांत साधारण साडेतेरा मीटर. डीएसएलआर गर्दीच्या मागे, रंगमंचापासून पंचवीस-तीस मीटरवर होता. त्याच्या माइकपर्यंत आवाज दोन फ्रेम उशिरा पोचला. सॉफ्टवेअरने तो उशीर भरून काढायला अख्खी क्लिपच दोन फ्रेम अलीकडे सरकवली, आणि उशीर न झालेलं चित्रही त्याबरोबर अलीकडे आलं. डीएसएलआर दोन फ्रेम पुढे ढकलला आणि बसला. नुसता लांबचा शॉट बघताना दोन फ्रेमांचा फरक जाणवत नाही, आवाज थोडा मागून यायची आपल्या कानांना सवय असते. पण जवळच्या कॅमेऱ्यावरून लांबच्या कॅमेऱ्यावर कट केला की त्या जागी ताल सांडतो. कुठे काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मोठ्या प्रयोगात आणखी एक अडचण येते. प्रत्येक यंत्रातलं स्फटिकाचं घड्याळ अगदी किंचित वेगळ्या गतीने चालतं. दहा लाखांत वीसचा फरक धरला तरी तासाला ७२ मिलिसेकंद होतात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. दशावतार पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर असा पूर्वरंगच आरामात होतो, आणि मुख्य आख्यान त्याच्यापुढे. सुरुवातीला जुळलेलं पहाटेपर्यंत जुळलेलं राहीलच असं नाही. कॅमेरे ठराविक वेळाने फाइल तोडतातच, त्याचा फायदा घेतला. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी जवळची झांज शोधून पुन्हा जुळवलं. सरकणं कुठे लपवलं? जिथे तो कॅमेरा पडद्यावर नाही तिथे.

हे सगळं करताना रेकॉर्डरचा आवाज एकदाही तोडला, ताणला किंवा सरकवला नाही. हा नियम मी पहिल्यापासून पाळला. चित्रं आवाजाकडे येतील, आवाज कुणाकडे जाणार नाही. संवाद, पदं, पखवाज, प्रेक्षकांचा हशा हे सगळं त्या एका पट्टीवर अखंड होतं, आणि प्रयोगाचा खरा वेळ तोच. कोणत्या कॅमेऱ्याला प्रमाण मानायचं असा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं उत्तर आहे, कोणत्याच नाही. प्रमाण रंगमंचावरून घ्यावं.

रंगांच्या बाबतीत हे आणखी पटलं. मिररलेसवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते सेटिंग, बांधून ठेवलेला होता. डीएसएलआर किंचित लालसर, हँडीकॅम ऑटोवर असल्याने दर काही मिनिटांनी मत बदलणारा, ॲक्शन कॅमेरा हिरवट, आणि एचडीआर फोन तर टाइमलाइनवर चुन्यासारखा पांढरा पडलेला. एचडीआरचं उत्तर पहिल्यांदा दिलं. त्या क्लिपांवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावून एचडीआरच्या रेक २०२० एचएलजी मधून साध्या व्हिडिओच्या रेक ७०९ मध्ये आणल्या, की त्या माणसात आल्या. बाकीच्यांसाठी सगळ्यांमध्ये दिसणारी पांढरी वस्तू हवी होती, आणि ती होती, पखवाजवाल्याचा सदरा. तो प्रत्येक कॅमेऱ्यात कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात सापडला. परेड स्कोपवर, म्हणजे तीन मूळ रंगांची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर, सदऱ्याचे लाल, हिरवा, निळा तिन्ही पट्टे एका उंचीवर आणले की कॅमेऱ्यांची तोंडं एका दिशेला झाली. चेहऱ्यांवरून जुळवायची एरवीची पद्धत इथे चालत नाही. वेक्टरस्कोप या रंगछटा दाखवणाऱ्या आलेखावरची त्वचेची रेषा साध्या चेहऱ्यासाठी आहे, आणि इथे प्रत्येक नट स्वतःच्या हाताने चेहरा रंगवून आलेला.

क्रमही उलटा घेतला. सगळ्यात चांगल्या कॅमेऱ्याला सुंदर करून बाकीच्यांना त्याच्याकडे ओढायचं, ही चाल मोहक आहे पण टिकत नाही. १० बिटचं फुटेज कितीही ओढा, सहन करतं. हँडीकॅमचं ८ बिटचं फुटेज थोडं जास्त उजळलं की काळ्या पडद्यावर पायऱ्या पडतात आणि संकासुराच्या काळ्या कपड्यात दाणे उकळायला लागतात. म्हणून आधी हँडीकॅम घेतला, त्याला जेवढं झेपतं तेवढं केलं, आणि मग मिररलेसचा कॉन्ट्रास्ट आणि काळोख त्याच्यापर्यंत खाली आणला. फोनची चित्रं आतूनच फार धारदार केलेली असतात, त्यांना अगदी थोडा ब्लर दिला. शेवटी सगळ्यांवर एकच हलका ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे, पसरला, त्याने शेजारचे शॉट एका घरचे वाटायला लागतात.

एवढं झाल्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ नटांना लॅपटॉपवर कच्चा कट दाखवला. त्यांनी विष्णू केला होता. आवाज, कट, कशाबद्दल ते काही बोलले नाहीत. बघता बघता पुढे वाकून म्हणाले, “झिला, माझां पितांबर पिवळां आसा. हय केशरी कित्याक दिसता?”

सदरा पांढरा आला होता, स्कोप बरोबर होता, तरी पितांबर केशरीकडे झुकलं होतं. रंगमंचाच्या वरच्या एलईडी दिव्यांनी पिवळ्यात लाल मिसळला होता, आणि प्रत्येक कॅमेऱ्याने तो आपापल्या परीने वाढवला होता. मी त्यांना म्हटलं, “काका, ते कापड बघायला मिळेल का?” ते आत गेले, पेटारा उघडला आणि पितांबर घडीसकट आणून अंगणातल्या उन्हात दोरीवर टाकलं. हळदीला किंचित लिंबाची छटा दिली तर होईल असा पिवळा. काठाची जर काळवंडलेली, आणि खालच्या एका कडेला दुसऱ्याच धाग्याने घातलेले बारीक टाके. मी शेजारी पांढरा कागद धरून फोटो घेतला. घरी येऊन तो फोटो टाइमलाइनच्या बाजूला उघडा ठेवला आणि फक्त पिवळा-केशरी पट्टा निवडून प्रत्येक कॅमेऱ्यात त्याच्याकडे वळवला. मिररलेसमध्ये तो लगेच आला. डीएसएलआरमध्ये आला, पण समईच्या ज्योतीही हिरवट झाल्या, म्हणून त्या मास्क करून वगळल्या. हँडीकॅममध्ये पूर्ण आला नाही. तिथे विष्णूचे जवळचे शॉट मी कमी केले.

प्रेक्षकांनी त्या रात्री दिव्याखाली पितांबर केशरीच पाहिलं असणार, मग उन्हातला रंग खरा कसा, असं एका मित्राने विचारलं. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. पण डोळा दिव्याचा रंग वजा करून बघतो, कॅमेरा तसं करत नाही. समोर बसलेल्यांना विष्णू पिवळ्या पितांबरातच दिसला होता. ज्याचं वस्त्र आहे त्यालाही ते पिवळंच आठवत होतं. मला तेवढं पुरे होतं.

युद्धाच्या प्रसंगात साउंडवाल्याच्या माणसाने निळे आणि लाल दिवे आलटून पालटून लावले होते. त्या उजेडात कुठलेच दोन कॅमेरे जुळत नाहीत. निळा चॅनेल गच्च भरून जातो, चेहऱ्याचा तपशील उरत नाही, आणि जे रेकॉर्डच झालेलं नाही ते ग्रेडिंगने, म्हणजे नंतर रंग सुधारून, परत येत नाही. तिथे जुळवायचा हट्ट सोडला. दिवा बदलतो त्या क्षणी कट करायचा नाही, एकाच कॅमेऱ्यावर थांबायचं. दिवा स्थिरावला की मग पुढे जायचं. बघणाऱ्याला बदल दिव्याचा वाटतो, कॅमेऱ्याचा नाही.

प्रत्यक्ष एडिटिंग या सगळ्या तयारीच्या मानाने लवकर झालं. मल्टिकॅमची खिडकी उघडायची, प्रयोग चालू करायचा आणि जो कोन हवा त्यावर क्लिक करत जायचं. पहिल्या फेरीत मी फक्त संवाद ऐकत कट केले, दुसऱ्या फेरीत निम्मे काढून टाकले. दशावतारात नट बोलता बोलता दोन पावलं टाकतो आणि त्या पावलांना पखवाज उत्तर देतो. सारखे कट मारले तर हा व्यवहार दिसतच नाही. नारदाच्या प्रवेशाला ॲक्शन कॅमेऱ्याचा मूळ, पट्टे असलेला शॉट ठेवला आहे. त्यात पुढे पखवाजवाला आहे, त्याची नजर नारदाच्या पायांवर खिळलेली, हात चामड्याच्या वर एक वीत उचललेला, आणि पाऊल पडायच्या क्षणी हात खाली येतो. तांत्रिक दृष्टीने सगळ्या प्रोजेक्टमधला तो सगळ्यात कमी दर्जाचा शॉट असेल. संहिता नसलेलं नाटक कसं चालतं ते त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याही शॉटमध्ये दिसत नाही.

फायनल फाइल १०८०, २५ फ्रेम, एच.२६४ अशी काढली, म्हणजे गावातल्या कुठल्याही टीव्हीला पेनड्राइव्ह लावून चालेल. कॅमेऱ्यांच्या मूळ फायली, रेकॉर्डरचा आवाज आणि प्रोजेक्ट हे सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलं, एक पुण्यात, एक गावी.

मंडळाला कॉपी दिल्यावर काकांनी आणखी एक गोष्ट मागितली. नवीन पोरं मंडळात येतात, त्यांना कुठून प्रवेश घ्यायचा, समोरचा बोलत असताना उभं कसं राहायचं हे दाखवायला कट केलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही, पूर्ण रंगमंच सतत दिसला पाहिजे. सगळं आधीच एका आवाजाला बांधलेलं होतं, त्यामुळे हे सोपं गेलं. मल्टिकॅममधला फक्त डीएसएलआरचा कोन घेतला, रेकॉर्डरचा आवाज खाली ठेवला आणि पूर्वरंगापासून दहीकाल्यापर्यंत न कापता काढून दिला. फाइल बदलताना डीएसएलआर जिथे क्षणभर बंद होता तिथे मिररलेसचा लांबचा भाग भरला. आता पुढच्या जत्रेसाठी काका म्हणतात, तसाच एक कॅमेरा मागच्या बाजूने, पडद्याच्या आतून लावूया, म्हणजे प्रवेशाआधी नट काय करतात तेही पोरांना कळेल. तिथे दिव्याला एकच पिवळा बल्ब आहे आणि जागा जेमतेम एका माणसाची. हँडीकॅम तिथे बसेल, पण व्हाइट बॅलन्स बांधून.